तुसेकिलेबाई आणि चाकाचे सहा नट

लुगानो म्वायसाका दार-एस-सलामची तंत्रशाळा करून, वर तिथल्याच एका मोठ्या गॅरेजात सात वर्षं काढून म्बेयाला परतला, तेव्हा सामानात सगळ्यात जपून आणलेली त्याची वस्तू म्हणजे एक लाल पेटी होती. पेटीत टॉर्क पाना होता. मुठीवर आकडे कोरलेले. हवा तेवढा आकडा लावायचा आणि नट आवळत जायचं. तेवढा जोर भरला की पाना 'टक्' करतो, की हात थांबवायचा. असा पाना अख्ख्या म्बेयात चार-पाच जणांकडेही नसेल, हे लुगानोला ठाऊक होतं आणि ते तो विसरत नसे.

नोकरी मिळाली ती मिनीबसवाल्यांच्या संघात. संघाच्या बावीस मिनीबस, तिकडच्या भाषेत डालाडाला, म्बेया, उयोले, तुकुयू अशा दिवसभर पळायच्या. संघाचे अध्यक्ष ग्वाकिसाबाबा सत्तरीचे, मोजकं बोलणारे. पहिल्याच दिवशी लुगानोनं त्यांना विचारलं, "बाबा, चाकांचे नट आपण कुठून घेतो?"

"म्वान्जेल्वाच्या बाजारातून. तुसेकिलेबाईंकडून."

"दुकानाचं नाव काय?"

"दुकान कसलं आलंय? भंगारवाल्यांच्या रांगेच्या शेवटी एक टेबल आहे."

"आणि आवळतं कोण?"

"त्याच आवळतात."

"टॉर्क पाना आहे त्यांच्याकडे?"

बाबांनी जरा विचार केला. "हात आहे," ते म्हणाले.

लुगानो हसला. त्याच आठवड्यात त्यानं बाबांकडून दोन गोष्टी मंजूर करून घेतल्या. चाकांचं काम यापुढे संघाच्या गॅरेजातच होईल, आणि नट मोठ्या दुकानातून येतील. संघाला वीस वर्षं होत होती म्हणून सगळ्या गाड्यांची चाकं पांढरी रंगवायची ठरली होती. पांढऱ्या चाकांवर शोभतील असे चकचकीत टोपीवाले नट लुगानोनं पेट्या भरून आणले. दर चाकाला सहा, दर गाडीला चोवीस. मोजताना थोडे कमी पडले आणि दुकानात त्या मापाचे संपले होते. एक नट खिशात टाकून तो नाइलाजानं म्वान्जेल्वाला गेला.

रांगेच्या शेवटी खरोखरच एक टेबल होतं. वर लोखंडी पत्रा, पत्र्यावर जाडीनुसार ओळीनं वेल्ड केलेले, नट चढतात ते चाकाचे आट्यांचे दांडे, आणि दुधाच्या पावडरच्या डब्यांत वेगवेगळे नट. टेबलामागे पंचावन्न-सत्तावन्नची एक ठेंगणी बाई बसली होती. कमरेला रंगीत कापडाचा कांगा घट्ट गुंडाळलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"शिकामू, आई," लुगानो म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला नमस्कार केल्याशिवाय बोलायची सोय नव्हती.

"मराहाबा. संघाचा नवा इंजिनिअर ना तू? बस."

त्यानं नट पुढे केला. "असे बारा हवेत."

तुसेकिलेबाईंनी नट घेतला, पण बघितला नाही. अंगठ्याचं पेर आतून फिरवलं, मग बुडावरून फिरवलं. पत्र्यावरच्या एका दांड्यावर तो ठेवला आणि तर्जनीनं टिचकी दिली. नट गरगर फिरत खाली गेला आणि मध्येच थांबला.

"आटे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "बूड निमुळतं आहे, तेही तुमच्या लोखंडी चाकांना बरोबर. पण पोटातून आखूड आहे."

"म्हणजे?"

"टोपी आहे ना याला. लोखंडी चाक पातळ, त्यामुळे दांडा बाहेर जास्त येतो. दांड्याचं डोकं आतून टोपीला टेकेल. तू आवळशील, पान्याला जोर लागेल, तुला वाटेल चाक बसलं. चाक मोकळंच असेल. तुझा पानासुद्धा फसेल."

"पाना फसत नाही, आई," लुगानो जरा ताठ्यात म्हणाला.

"बरं. गाड्या सगळ्या लोखंडी चाकांच्या आहेत?"

"एक सोडून. तिला ॲल्युमिनियमची आहेत, जुनी घेतलेली."

"तिच्या भोकात बोट घालून बघितलंस? उतार सरळ आहे की वाटीसारखा गोल?"

लुगानोनं बघितलं नव्हतं. तसं म्हणायला जीभ वळेना, म्हणून तो 'बघतो' म्हणाला आणि नट न घेताच उठला. गॅरेजात येऊन आधी त्यानं ॲल्युमिनियमच्या चाकाच्या भोकात बोट घातलं. वाटीसारखं गोल होतं. त्यावर निमुळता नट बसवला असता तर तो कडेवर, बारीकशा रेघेवर टेकला असता. मग त्यानं मोजपट्टी घेऊन लोखंडी चाकातून बाहेर येणारा दांडा मोजला, टोपीच्या आतली खोली मोजली. दांडा दोन मिलिमीटरनं जास्त निघाला. लुगानो खाली जमिनीवरच बसला. जी मापं घ्यायला त्याला पाऊण तास आणि दोन हत्यारं लागली, ती त्या बाईनं अंगठ्यानं आणि एका टिचकीनं घेतली होती, आणि गाडी न बघता.

दुसऱ्या दिवशी चकचकीत नटांच्या पेट्या दुकानात परत गेल्या. लुगानो सकाळी सकाळीच बाजारात हजर झाला. तुसेकिलेबाईंनी 'मी सांगितलं होतं' असं काही म्हटलं नाही. त्यांनी उघड्या तोंडाचे, निमुळत्या बुडाचे नट एकेक करून दांड्यावर फिरवले. जो मध्येच अडखळेल तो बाजूला, जो डुगडुगेल तोही बाजूला. दर दहातले दोन तरी त्या काढून टाकत होत्या.

"हा का काढला?" लुगानोनं विचारलं.

"हात लाव."

त्यानं लावला. त्याला काही कळलं नाही.

"दोन आट्यांवर गंज बसून गेलाय. ब्रशनं साफ केलाय कुणीतरी विकण्यापूर्वी. नवा म्हणून विकलाय मला." त्या हसल्या. "परत जाईल तो त्याच्याकडे, चांगल्या चार शब्दांसकट."

चहा आला, बरोबर गरम, तळलेली गोड मांदाझी. लुगानोनं विचारलं, "आई, या कामात तुम्ही आलात कशा?"

"केळी विकता विकता," त्या म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या.

तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. तुकुयूच्या वाटेवर, किवीराच्या अलीकडच्या उतारावर रस्त्याकडेला केळ्यांच्या टोपल्या घेऊन बसायच्या. एक दिवस वरून एक चाक एकटंच आलं. गाडी नाही, माणूस नाही, नुसतं चाक. रस्त्याच्या मधोमध, कुणीतरी हाकत असल्यासारखं. वळणावर उडी मारून ते त्यांच्या टोपलीवरून गेलं. एका केळ्यालाही धक्का न लावता गेलं. आणि पुढे चहाच्या मळ्यात शिरून दिसेनासं झालं. मग मागून गाडी आली, एका बाजूला कलंडून, रस्त्यावर ठिणग्या उडवत. ती दरडीला टेकून थांबली. आतली माणसं हादरली होती, पण सगळी धड होती. रडणं-ओरडणं चाललं होतं. तुसेकिले मात्र उघड्या पडलेल्या हबकडे, चाक बसतं त्या जागेकडे, बघत उभ्या होत्या. ड्रायव्हरला त्यांनी विचारलं, "इथे चाक कशानं धरलेलं असतं?" त्यानं रस्त्यात पडलेला एक नट उचलून त्यांच्या हातात ठेवला.

"मला वाटलं तो माझी थट्टा करतोय," त्या लुगानोला म्हणाल्या. "एवढी मोठी गाडी, वीस माणसं, पोती, कोंबड्या. मी म्हटलं, असे किती लागतात? तो म्हणाला, सहा. मी म्हटलं, शंभर? तो म्हणाला, सहा गं बाई, सहा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भीतीनं नव्हे. मी रोज त्या रस्त्यावर बसत होते, रोज गाड्या बघत होते, आणि असल्या बोटाएवढ्या लोखंडावर सगळं जग चाललंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

महिन्याभरात केळी सोडून त्या म्बेयाला आल्या. भंगाराच्या मातीत चुंबक फिरवून नट वेचायला लागल्या. आधी माप शिकल्या, मग आटे, मग बूड. आवळणं शिकायला अजून बारा वर्षं गेली, ती गोष्ट त्या दिवशी त्यांनी सांगितली नाही. गिऱ्हाईक आलं होतं.

पुढच्या नऊ दिवसांत लुगानोनं अकरा गाड्यांची चाकं बसवली. नट तुसेकिलेबाईंनी निवडलेले, पण आवळायचं काम त्याच्या पान्याचं. आकडा शंभरावर. टक्, टक्, टक्. गॅरेजमधले लोक तो आवाज ऐकायला उभे राहायचे. त्यालाही बरं वाटायचं.

दहाव्या दिवशी सकाळी तुसेकिलेबाई उरलेल्या गाड्यांचे नट द्यायला पिशवी घेऊन गॅरेजात आल्या. बारावी गाडी नुकतीच तयार होऊन जॅकवरून उतरली होती. तिचा ड्रायव्हर आंबाकिस्ये चहा पीत बाजूला उभा होता. बाईंनी पिशवी टेकवली, कांगा गुडघ्यात धरून चाकापाशी बसल्या. खांद्यावरच्या झोळीतून आपला साधा, काळा पडलेला पाना काढला, एका नटावर लावला आणि नुसतं अंग झुकवलं. नट फिरला. फार नाही, पण फिरला.

"हे कुणी आवळलं?" त्यांनी विचारलं.

"मी," लुगानो म्हणाला. "शंभरावर."

"हे शंभर नाही, पोरा."

"मग किती आहे?"

त्यांनी दुसऱ्या नटावर पाना लावला, पुन्हा झुकल्या. "सत्तर. फार तर एखादं वर."

दोन मेकॅनिक हसले. आंबाकिस्ये म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, तुमच्या पान्यावर आकडे आहेत, आईच्या खांद्यात आकडे आहेत. आता मी कुणाच्या भरवशावर गाडी काढू ते सांगा."

लुगानो पेटीकडे वळला. पेटीतून त्यानं एक घडी घातलेला कागद काढला. "हे बघा, आई. पान्याची तपासणी केलेली आहे. शिक्का आहे."

बाईंनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला. "तीन वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा खरा असेल. रात्री पाना कुठे ठेवतोस?"

"पेटीत."

"आकडा शंभरावरच ठेवून?"

लुगानोनं मुठीकडे बघितलं. आकडा शंभरावरच होता. तंत्रशाळेत शिकवलं होतं, काम झालं की मूठ उलटी फिरवून स्प्रिंग सैल करायची. पहिली दोन वर्षं त्यानं केलं होतं. पुढे रोज तोच आकडा लागायचा, म्हणून सोडून दिलं होतं.

"स्प्रिंग बिचारी शंभराचं ओझं घेऊन झोपते," बाई म्हणाल्या. "बाई पाणी भरून आली की डोक्यावरचा डबा उतरवते की नाही? वीस लिटरचा डबा आहे का इथे? आणि एक लिटरचा मग?"

डबा आला. बाईंच्या सांगण्यावरून लुगानोनं पान्याचं डोकं वाइसच्या जबड्यात घट्ट धरलं, पाना जमिनीला समांतर आडवा. डोक्यापासून मुठीपर्यंत बरोबर अर्धा मीटर मोजून तिथे खूण केली. खुणेवर दोरीनं रिकामा डबा टांगला.

"एक मीटरवर दहा लिटर पाणी टांगलं की शंभराचा जोर होतो, थोडासाच कमी," बाई म्हणाल्या. "अर्ध्या मीटरवर वीस लागेल. डब्याचं स्वतःचं वजन एक लिटर धर. आता ओत. मोठ्यानं मोज."

लुगानोनं हिशेब मनात दोनदा केला. बरोबर होता. शाळेतल्या फळ्यावर त्यानंच कितीदा लिहिलेला. पण त्या हिशेबात कधी पाणी येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"दोन," तो म्हणाला आणि पहिला मग ओतला. "तीन. चार."

गॅरेजातली हातोडी थांबली. दहाला आंबाकिस्येनं कप खाली ठेवला. बारा. तेरा. मगातल्या पाण्याची धार डब्यात पडत होती आणि सगळे पान्याकडे बघत होते.

"चौदा," लुगानो म्हणाला, आणि पाना 'टक्' झाला.

लुगानोनं डबा रिकामा केला, दोरी पुन्हा मोजून बांधली, पुन्हा ओतलं. चौदाला टक्. तिसऱ्यांदा अर्धा-अर्धा मग करून ओतलं. तेरा आणि चौदाच्या मध्ये टक्.

"आता माझं तपास," बाई म्हणाल्या. "नाहीतर तू माझं ऐकून घेशील आणि मनात संशय ठेवशील."

त्यांनी बाराव्या गाडीच्या चाकाचे सहाही नट सैल केले आणि आपल्या काळ्या पान्यानं पुन्हा आवळले, एक आड एक, समोरासमोर. मग झोळीतून सॉकेट काढलं आणि आंबाकिस्येला बाजारातल्या आपल्या टेबलाखालचा नळ आणायला पाठवलं. एक मीटरचा साधा लोखंडी नळ. तो नटावर आडवा लावून टोकाला डबा टांगला. लुगानोनं दहापर्यंत भरलं. नळ हलला नाही. अर्धा मग आणखी ओतला, तेव्हा नळ सूतभर खाली आला. दुसऱ्या नटाला तेवढंच. तिसऱ्याला अर्ध्या मगाच्या जरा आधी. सहाही नट बाईंच्या खांद्यानं अर्ध्या लिटरच्या आत आणून ठेवले होते.

लुगानोनं रिकामा मग खाली ठेवला. शरम नंतर वाटणार होती. त्या क्षणी तो त्या ठेंगण्या बाईच्या उजव्या खांद्याकडे बघत होता, आणि आपण आजवर काम शिकलो ते नेमकं काय शिकलो हे त्याला समजेना.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"रस्ता बांधायला परदेशी लोक आले होते. त्यांच्या फोरमनकडे तुझ्यासारखाच पाना होता. मी रोज जायचे, तो मला त्यावर हात ठेवू द्यायचा. रस्ता झाला, तो जायला निघाला. मी म्हटलं, आता मी काय करू? तो म्हणाला, एक मीटर आणि दहा लिटर, एवढं लक्षात ठेव. तेव्हापासून दर सोमवारी बाजार उघडायच्या आधी मी खांदा पाण्याशी ताडून बघते. बारा वर्षं लागली तो इतका जवळ यायला. ताप येऊन गेला की दोन आठवडे आवळतच नाही कुणाचं." मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बाकीच्या गाड्या कुठे आहेत?"

लुगानोनं गॅरेजच्या दाराकडे बघितलं. अकरा गाड्या रस्त्यावर होत्या. शिवाय चाकं ताजी रंगवलेली. नटाच्या बुडाखाली रंगाचा जाड थर. रंग दबला, झिजला की नट आणखी सैल पडतो, हे त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

त्यानं स्वतःच ग्वाकिसाबाबांना फोन केला. काहीही न लपवता सांगितलं. "तुला काय विचारायचं ते पुढे विचारीन," बाबा म्हणाले. "आधी गाड्या थांबव."

फोन सुरू झाले. सगळ्या गाड्यांना उयोलेच्या थांब्यावर यायला सांगितलं. आंबाकिस्येच्या गाडीची उरलेली तीन चाकं आवळून तुसेकिलेबाई आणि लुगानो तिच्यातूनच तिकडे गेले. एकेक गाडी येत गेली, बाई आवळत गेल्या, लुगानो नळ आणि डबा घेऊन मागोमाग तपासत गेला. प्रवासी कुरकुरत होते. एक ड्रायव्हर म्हणाला, "इंजिनिअर, आमच्या गाड्यांना आता पाणी पाजताय वाटतं." लुगानो डबा घेऊन पुढच्या चाकाकडे गेला. काही चाकांचे नट जिथल्या तिथे होते, काहींचे हातानं हलत होते.

दोन वाजेपर्यंत दहा गाड्या झाल्या. अकरावी आंदुलिलेची. ती दुपारी तुकुयूकडे निघाली होती आणि त्याचा फोन बंद होता.

"बसा," आंबाकिस्ये म्हणाला.

इसोंगोलेपर्यंत चढण. दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं, वर ढग रस्त्यावर उतरलेले. लुगानो काच पुसून पुढे बघत होता. तुसेकिलेबाई झोळी मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या. फक्त प्रत्येक वळणाला त्या कान पुढे करत. इसोंगोले मागे पडलं, उतार लागला, ढग विरळ झाले, आणि पुढच्या वळणावर संघाची निळी गाडी दिसली. पांढरी चाकं लांबूनही ओळखू येत होती. डाव्या मागच्या चाकाच्या मधोमध, नटांच्या जागी, गंजाचे तपकिरी ओघळ उमटले होते. आणि ते चाक सरळ फिरत नव्हतं. ते लचकत होतं.

आंबाकिस्येनं हॉर्न दिला, दिवे लावले-विझवले. आंदुलिलेनं आरशात बघितलं आणि वेग वाढवला.

"त्याला वाटतंय मी किवीराच्या थांब्यावरचे प्रवासी पळवायला आलोय," आंबाकिस्ये दात आवळून म्हणाला. "मीही हेच केलं असतं."

"शेजारी घे," तुसेकिलेबाई म्हणाल्या.

"वळण आहे, आई."

"वळणापुढे घे. आणि अंतर ठेव, चाक सुटलं तर आपल्यावर येईल."

वळण संपलं, रस्ता जरा रुंदावला. आंबाकिस्येनं गाडी उजवीकडून पुढे काढली. बाईंनी खिडकी उघडली, कमरेवरून बाहेर झुकल्या, आणि खांद्यावरचा दुसरा, पिवळा कांगा हातात धरून हवेत सोडला. त्यांच्या कंबरेला लुगानोनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. आंदुलिलेनं आधी कांगा बघितला, मग चेहरा. म्बेयात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो चेहरा ओळखू यायचा. त्याचा पाय पेडलवरून निघाला. ब्रेक जोरात न दाबता, गिअर खाली घेत घेत, त्यानं गाडी गवतात नेऊन उभी केली.

लुगानो धावत गेला. सहातले दोन नट नव्हतेच. एक त्याच्या हाताला लागताच गळून पडला. उरलेले तीन बोटांनी फिरत होते. चाकाची भोकं आतून चकाकायला लागली होती. पुढे पन्नास पावलांवर रस्ता किवीराच्या पुलाकडे उतरत होता.

गाडीत लग्नाला निघालेली चर्चची गायकमंडळी होती, एकाच कापडाचे कपडे घातलेली अठरा माणसं. ती उतरली. आंदुलिलेनं चाक बघितलं आणि तो तसाच गवतात बसला. "फोन चार्ज नव्हता," एवढंच तो दोन-तीनदा म्हणाला.

"उठ, बाकीच्या चाकांखाली दगड लाव," बाई म्हणाल्या. "पाणी कोण आणतंय? खाली ओढा आहे."

मंडळीतली दोघं डबा घेऊन ओढ्याकडे गेली. गाडी जॅकवर चढली. बाईंनी चाक उतरवून दांड्यांवर एकेक करून नट फिरवून पाहिले. आटे वाचले होते. भोकांच्या कडेचा रंग त्यांनी सुरीनं लोखंडापर्यंत खरवडला. हबवरची धूळ कांग्याच्या टोकानं पुसली. मग पिशवीतून तीन नवे नट निवडले आणि पाना लुगानोपुढे धरला.

"तू लाव."

"आई, माझा हात..."

"तुझा हात शिकलेला आहे. त्याला फक्त खरं माप माहीत नाही. आधी सगळे बोटांनी. अडखळला तर जबरदस्ती नाही. मग थोडे थोडे, समोरासमोरचे, म्हणजे चाक सरळ बसेल. मग गाडी खाली घे, आणि शेवटचं आवळणं जमिनीवर."

लुगानोनं तसंच केलं. शेवटच्या आवळण्याला त्यांनी आपला तळवा त्याच्या खांद्यावर ठेवला. तो अंग झुकवत गेला, झुकवत गेला, आणि तळवा अचानक उचलला गेला. तिथे थांबायचं होतं. पहिला नट त्यानं जास्त आवळला, दुसरा कमी. पाचव्याला तळवा उचलायच्या आधीच तो थांबला. सहाव्याला बाईंनी हात ठेवलाच नाही. मग नळ लागला, ओढ्याचं पाणी डब्यात पडलं, आणि चुकलेले दोन नट सैल करून पुन्हा नीट आवळले गेले.

इकडे चाकातून गळलेला नट मंडळीतल्या एका म्हातारबाईनं उचलला होता. तिनं तो तळहातावर तोलला आणि शेजारणीला दिला. तिनं पुढच्याला दिला. अठराही हातांतून तो नट फिरला. कुणी तो मुठीत मिटून बघितला, कुणी उन्हाकडे धरून त्याच्या भोकातून डोंगर बघितला. लग्नाला निघालेली, गाणारी माणसं. पण मिनिटभर त्यांच्यात कुणाच्याही तोंडून आवाज निघाला नाही.

"असे किती?" म्हातारबाईनं शेवटी विचारलं.

"सहा," तुसेकिलेबाई म्हणाल्या.

म्हातारबाईनं मान हलवली. तुसेकिलेबाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते लुगानोला फार वर्षं शब्दांत सांगता आलं नाही. तीस-पस्तीस वर्षं रोज नट हाताळूनही ते नवल त्यांच्यातलं तसूभर कमी झालेलं नव्हतं, एवढं मात्र त्यानं पाहिलं.

मंडळी लग्नाला वेळेत पोचली. पन्नास किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावायचा, असं बाईंनी आंदुलिलेकडून दोनदा म्हणवून घेतलं.

संध्याकाळी लुगानो ग्वाकिसाबाबांसमोर उभा राहिला. त्यानं राजीनामा लिहून आणला होता. बाबांनी तो वाचून त्याची घडी घातली आणि विचारलं, "तुसेकिलेबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सोमवारी सहा वाजता बाजारात ये."

"मग जा," बाबा म्हणाले.

लुगानो गेला. त्या सोमवारी, आणि पुढचे सगळे सोमवार. पाना दार-एस-सलामला पाठवून दुरुस्त करून आणला, आणि दर संध्याकाळी त्याची स्प्रिंग सैल करू लागला. संघानं तुसेकिलेबाईंना नोकरी देऊ केली, पगारी, खुर्चीसकट. त्यांनी नाही म्हटलं. बाजारात सगळ्या गावाच्या गाड्या भेटतात, संघात फक्त बावीस भेटतील, असं त्यांचं म्हणणं पडलं.

एका गोष्टीला मात्र त्या तयार झाल्या, तीही लुगानोनं वर्षभर मागे लागल्यावर. सरकारी तंत्रशाळेत दर सहा महिन्यांनी एक दिवस त्या शिकवायला जातात. पहिल्या वर्गाला लुगानो बरोबर गेला होता. चोवीस मुलंमुली, शाळेची एक गाडी, चोवीस नट. बाईंनी प्रत्येकाला एकेक नट निवडायला लावला, एकेक आवळायला लावला. काही विद्यार्थी कांगा नेसलेल्या या बाईकडे बघून आपसात हसत होते. सगळे नट लागल्यावर त्या हात पुसत म्हणाल्या, "बसा गाडीत."

"कुठे जायचं, आई?" एका मुलीनं विचारलं.

"उतारावर."

हसणं थांबलं. दाटीवाटीनं सगळे बसले. बाई स्वतः मागच्या चाकावरच्या बाकावर बसल्या, लुगानो त्यांच्या शेजारी. इगाविलोच्या पुढच्या उतारावर गाडी लागली तेव्हा आत चोवीस मुलंमुली होती आणि बोलत एकही नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या नटाच्या दिशेला कान लावून बसला होता. खाली सपाटीला गाडी थांबली. सगळे उतरले आणि कुणी न सांगता चाकांपाशी जाऊन ओणवे झाले. लुगानोही खाली बसला. जवळच्या चाकावर त्यानं हात ठेवला. ते उतारानं कोमट झालं होतं, आणि सहाही नट जागच्या जागी होते.